एम.ए.च्या बाकावर माझा बाप

माझ्या बापाला माझ्या चपलेनं मारलं. कॉलेजच्या वऱ्हांड्यात, भर दुपारी, बावीस माणसांसमोर. मारणारा त्या कॉलेजचा अध्यक्ष होता. आणि मी चार हातांवर खांबाला टेकून उभा होतो.

वर्गाच्या दाराबाहेर चपलांची रांग होती. टायरच्या, अंगठा तुटलेल्या, सुतळीनं बांधलेल्या. रांगेतली पहिली जोडी रबरी, निळ्या पट्ट्यांची. ती माझी. अध्यक्षानं बुटाच्या टोकानं ती उलटी केली.

"ही पह्यली कोणाची?"

त्यानं रांगेच्या शेवटापर्यंत नजर फिरवली.

"ज्यानं पह्यली काढली त्याच्यामागं समद्यांनी काढल्या. मी इचारून राह्यलो, कोणाची हाय ही?"

"माझी हाय, मालक," बाप म्हणाला.

बापाची चप्पल टायरची, हे सगळ्यांना ठाऊक होतं. अध्यक्षालाही. वीस वर्षं ती चप्पल त्याच्याच गोठ्यात फिरत होती. पण त्याला मारायला माणूस पाहिजे होता आणि माणूस मिळाला होता. त्यानं खाली वाकून माझी चप्पल उचलली आणि बापाच्या तोंडावर हाणली. मग कानावर. मग पुन्हा तोंडावर. बाप हात जोडून उभा. हात वर केले नाहीत, मान वळवली नाही. नाकातून रक्त आलं आणि अंगातल्या पांढऱ्या शर्टावर पडलं. शर्ट अध्यक्षाचाच होता, त्या दिवसापुरता दिलेला. तेव्हा अध्यक्ष थांबला.

"शर्ट काढ आधी. नासवला समदा."

बापानं शर्ट काढला, घडी घातली, कट्ट्यावर ठेवला आणि उघड्या अंगानं वऱ्हांड्यात उभा राहिला. बरगड्या मोजता येत होत्या.

मी बी.ए. होतो. फर्स्ट क्लास. त्या कॉलेजचा पहिला फर्स्ट क्लास. मला फक्त चार शब्द बोलायचे होते. ती चप्पल माझी आहे. नाही बोललो. स्वतःची एवढी किळस मला आयुष्यात कधी आली नव्हती.

हे कसं झालं ते सांगतो.

साल एक्क्याण्णव. बदनापूरपासून आत, कच्च्या रस्त्यानं आमचं गाव. गावाच्या खालच्या अंगाला मांगवाडा, त्यात आमचं घर. बाप मालकाकडं सालगडी. म्हणजे पाडव्यापासून पाडव्यापर्यंत माणूस मालकाचा. बैल त्यानं सोडायचे, शेण त्यानं काढायचं, मालकाच्या पाहुण्यांच्या बुटांना पॉलिशही त्यानंच करायचं. पाडवा आला की पुन्हा तेच साल. मालकाकडं गावातली निम्मी जमीन होती आणि रस्त्याच्या कडेला बंद पडलेली कापसाची जिनिंग. त्या जिनिंगच्या शेडमध्ये त्यानं पार्टिशन टाकली, फळे लावले, बाहेर पाटी रंगवली. झालं कॉलेज. मालक अध्यक्ष झाला. भाचा ऑफिसात हेडक्लार्क झाला. शिकवायला चार माणसं ठेवली. त्यातल्या एकाचं जालन्यात मस्तगडला कपड्याचं दुकान होतं, लग्नसराईत तो दोन-दोन महिने दिसायचा नाही.

खोटं कशाला बोलू, ते कॉलेज नसतं तर मी बी.ए. झालो नसतो. बारावीनंतर मी मालकाच्याच शेतात खुरपं घेऊन बसलो असतो. कॉलेज चालवायचं तर हजेरीपटावर पोरं लागतात, म्हणून मालक एक दिवस बापाला म्हणाला, पाठव तुझ्या पोराला. असा मी विद्यार्थी झालो. पुस्तकं एका कपाटात होती, त्याला कुलूप होतं, किल्ली भाच्याकडं. मी तीन वर्षं त्या भाच्याच्या टेबलावर पाण्याचा तांब्या भरून ठेवला तेव्हा मला इतिहासाची सहा पुस्तकं वाचायला मिळाली. सहाच्या सहा पाठ केली. दुसरं काही नव्हतंच.

आणि चपला. मालकाच्या भावकीतली पोरं बुटासकट ऑफिसात जायची, खुर्चीत बसायची. आम्ही वाड्या-वस्तीवरची पोरं दाराशी चपला काढायचो. तशी पाटी कुठं लावलेली नव्हती. मालकाचा वाडा असो, गोठा असो नाहीतर कॉलेज, मालकाच्या उंबऱ्याबाहेर पायातलं काढायचं हे आमच्या पायांना लहानपणापासून माहीत होतं. डोक्याला विचारावं लागत नव्हतं.

बी.ए.चा निकाल लागला आणि मी शहरात विद्यापीठात गेलो, एम.ए.चा फॉर्म आणायला. एवढी मोठी जागा मी कधी बघितली नव्हती. एका इमारतीतून दुसरीत जायला पाय दुखले. खिडकीसमोर दोन तास रांगेत उभा राहिलो. आतला क्लार्क सगळ्यांवर खेकसत होता. माझ्या पुढं एक गोरापान, इस्त्रीचे कपडे घातलेला पोरगा होता. त्याच्यावरही तेवढाच खेकसला जेवढा माझ्यावर. मला फार बरं वाटलं. ग्रंथालयात गेलो, भीत भीत एका पुस्तकाचं नाव सांगितलं. बाईंनी पुस्तक आणून हातात दिलं आणि पुढच्याला विचारायला लागल्या. कोण, कुठला, कोणाचा, काहीच नाही. मी ते पुस्तक घेऊन खुर्चीत बसलो आणि बराच वेळ एक अक्षर वाचलं नाही. तिथं मला कुणी ओळखत नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा मी कोणाच्याच गड्याचं पोर नव्हतो.

विभागाच्या बोर्डावर यादी लागली, तिच्यात माझं नाव आलं. वसतिगृहही मिळणार होतं. फक्त शनिवारपर्यंत दोन कागद आणून द्यायचे होते. टीसी आणि मूळ गुणपत्रिका. दोन्ही मालकाच्या कॉलेजात, भाच्याच्या कपाटात. शनिवार चुकला की यादीतला पुढचा पोरगा आत.

मागायला गेलो तर भाच्यानं मला मालकापुढं उभं केलं.

"बस," मालक म्हणाला. तीन वर्षांत पहिल्यांदा. मी बसलो नाही, खुर्चीच्या पाठीला हात लावून उभा राहिलो.

"इथंच एम.ए. काढून राह्यलो आपण. इतिहासाचं. पह्यलं नाव तुझं टाकलं म्या. फर्स्ट क्लास पोरगं हाय म्हणल्यावर मान्यतेच्या तपासणीवाल्यांसमोर वजन पडतं."

"माझं विद्यापीठात नाव लागलं, मालक."

"लागू दे की. तिथं हजारांत एक तू. हरवून जाशील लेका, कुत्रं विचारणार न्हाई. इथं आपला माणूस म्हणून राहशील. दोन वर्षांनी एम.ए. झाला की ह्याच कॉलेजात तुला मास्तर करतो. बापाला इचार तुझ्या."

बापाला आधीच विचारून झालं होतं. घरी गेलो तर तो दारात बसून वाट बघत होता. चेहऱ्यावर असं हसू मी कधी बघितलं नव्हतं.

"मास्तर म्हंते तो तुला. लेखी देतो म्हंते."

"आबा, त्याला पोरं दाखवायला पाहिजेत म्हणून बोलून राह्यला तो."

"कामून का बोलंना. तुला काय करायचं? मास्तर व्हायचं ना?"

माय भाकरी थापत होती. ती वर न बघता बोलली, "तिथं आपलं कोन हाय, लेकरा? दुखलं खुपलं तं कोन बघंल? इथं तुला समदं गाव वळखतं."

तेच तर नको होतं. पण हे मायला कसं सांगणार? गाव मला ओळखतं म्हणजे काय ओळखतं, हे तिलाही माहीत होतं. मी म्हणालो, माय, मी शनिवारी जाणार. बापाचं हसू गेलं. तो उठून बैलाकडं निघून गेला.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा कागद मागितले. मालकानं चिडचिड केली नाही. तो म्हणाला, "बराबर हाय तुझं. जा तू. पर जायच्या आधी एक काम कर. मंगळवारी तपासणी हाय. एम.ए.च्या वर्गात पोरं पाह्यजेत. हजेरीपटावर नावं हायेत, पोरं न्हाईत. शेतावरचे गडी बसवून राह्यलो. त्यांना जरा शिकव, नाव काय सांगायचं, विषय काय सांगायचा. तेवढं झालं की कागद घेऊन जल्दी निघ."

आणि मी हो म्हणालो. हे मला लिहिलंच पाहिजे. मला कुणी धमकी दिली नाही, हात उगारला नाही. दोन कागदांसाठी मी हो म्हणालो.

दोन दिवस मी जिनिंगच्या शेडमध्ये गड्यांना शिकवलं. बावीस माणसं. काहींच्या डोक्यावर पिकलेले केस, तर भाच्यानं न्हाव्याला बोलावून कलप लावला. मिशा बारीक केल्या. मालकाच्या घरातले, पाहुण्यांचे, दुकानातून आणलेले शर्ट वाटले. प्रत्येकाला हजेरीपटावरचं एक नाव दिलं. ती नावं खऱ्या पोरांची होती, जी एव्हाना मुंबई-पुण्याकडं कुठं तरी कामाला लागली होती. शेवटच्या बाकावर माझा बाप. त्याच्या वाट्याला नाव आलं संतोष.

"तुमचं नाव काय?" मी विचारायचो.

"संतोष," बाप सांगायचा.

"विषय कोणता?"

"इतिहास."

"आणखी काही विचारलं तर?"

"गप ऱ्हायचं."

हसू नका. शाळेचं तोंड न बघितलेल्या माणसाला मी दोन दिवसांत एम.ए. करत होतो, आणि तो मन लावून शिकत होता. मध्येच मला हळूच म्हणाला, "आसं असतं व्हय कॉलेज. बरं वाटतं बाकावर." मला तेव्हाच तिथून उठायला पाहिजे होतं.

मंगळवारी समिती आली. तिघं होते, कुठल्या कुठल्या मोठ्या कॉलेजांतले. दोन पुरुष आणि एक बाई, साठीच्या आसपासच्या, जाड चष्मा, पायात बंद चपला. मालकानं हार घातले. मी गड्यांना वर्गात नेलं. दाराशी पोचलो आणि चपला काढल्या. मी. आधी मी काढल्या. विचार केला नाही, पायांनी काढल्या. माझ्यामागून बावीस जणांनी काढल्या, एका रांगेत, नीट लावून. सगळं शिकवलं होतं त्यांना. नाव, विषय, गप्प बसणं. मालकाच्या दारात चपला घालून आत यायचं असतं हे मला स्वतःला येत नव्हतं, तर त्यांना काय शिकवणार?

समितीतला जाडा माणूस दाराशीच थांबला. रांगेकडं बघितलं, आत बाकांखालच्या भेगाळलेल्या पायांकडं बघितलं.

"देऊळ आहे का हो हे?" त्यानं मालकाला विचारलं. "एम.ए.चे विद्यार्थी चपला बाहेर काढतात?"

दुसरा हसला. बाई हसल्या नाहीत. त्या सरळ शेवटच्या बाकापाशी गेल्या. बाप उठून उभा राहिला, हात जोडले.

"नाव काय तुमचं?"

"संतोष, बाईसाहेब."

"विषय?"

"इतिहास."

"इतिहासात काय शिकायला आवडतं?"

बापानं माझ्याकडं बघितलं. मी खाली बघितलं.

"मालक सांगतील ते," बाप म्हणाला.

आता तो जाडा माणूस पोट धरून हसला. मालकही हसला, हसावंच लागलं. बाई वळून बाहेर पडल्या. जेवण झालं, पानं झाली, आणि समिती सांगून गेली की शुक्रवारी पुन्हा येऊ, खरे विद्यार्थी दाखवा, नाहीतर मान्यता विसरा. गाडीची धूळ खाली बसली आणि मालक वऱ्हांड्यात आला. पुढं काय झालं ते सुरुवातीलाच सांगितलं.

त्या दिवशी घरी बाप ओल्या फडक्यानं तोंड पुसत होता. मी त्याच्यासमोर बसलो.

"आबा, चप्पल माझी होती. तू कामून बोललास?"

"तुला मारलं आस्तं."

"मारू द्यायचं होतं."

"तुला कागद पाह्यजेत ना त्याच्याकडून? मंग तुला कसं मारू देऊ?" त्यानं फडकं पिळलं. "मला सवय हाय."

मी बाहेर येऊन घराच्या भिंतीवर डोकं आपटलं. खरंच आपटलं. मायनं धरलं नसतं तर फुटलंच असतं.

बुधवारी भाच्याकडं कागद मागितले. तो म्हणाला, आता शुक्रवार होऊ दे. मी म्हणालो, शनिवारी शेवटची तारीख आहे. तो म्हणाला, तुझी तारीख तुझ्यापाशी ठेव, तुझ्या टीसीवर आता एम.ए.चा प्रवेश लिहिलाय, ती बाहेर पडणार न्हाई. शुक्रवारी नवे बूट घालून पहिल्या बाकावर बसायचं. गड्यांनाही कॅनव्हासचे बूट आणलेत, पाय झाकले की कुणी वळखत न्हाई. जमत नसंल तर बापाला विचार, पुढचं साल त्याला ठेवायचं का न्हाई.

बापाला सांगितलं. तो म्हणाला, "ऐक की त्याचं. एक दिस तर हाय."

"आबा, मी न्हाई बसणार. तू बी बसू नको."

"मी न बसून कुठं जाऊ?"

मी उठून बाहेर आलो.

शुक्रवारी मी गेलो नाही. म्हणजे त्यांच्याबरोबर गेलो नाही. समिती वर्गात शिरल्याचं बघितलं आणि मागून आत गेलो. चपला पायात ठेवून. गडी बाकांवर बसलेले, सगळ्यांच्या पायांत पांढरे कॅनव्हास. ज्याला जो मिळाला तो घातलेला, कोणाची टाच बाहेर, कोणाचे पाय आत बुडालेले. सगळे मान खाली घालून आपल्याच पायांकडं बघत होते. बाप शेवटच्या बाकावर. ओठ अजून सुजलेला.

मी बाईंसमोर जाऊन उभा राहिलो.

"बाई, ही माणसं विद्यार्थी नाहीत. मालकाचे गडी आहेत. हजेरीपटावरची पोरं गावात नाहीत. एक मीच खरा विद्यार्थी आहे आणि मला इथं शिकायचं नाही. माझी टीसी ह्यांनी दाबून ठेवली आहे."

मालकाचं तोंड काळंनिळं झालं. मी बोट दाखवलं.

"तो शेवटच्या बाकावरचा संतोष नाही. तो माझा बाप आहे."

बाई बापाकडं वळल्या. "हा तुमचा मुलगा का?"

बाप उठला. हात जोडले. माझ्याकडं बघितलं. डोळ्यांत डोळे घालून बघितलं.

"न्हाई, बाईसाहेब. मी वळखत न्हाई ह्याला."

"तुमचं नाव?"

"संतोष."

भाच्यानं आणि आणखी दोघांनी मला उचलून बाहेर काढलं. "येडं हाय बिचारं, फेल झाल्यापासून आसंच करतं," असं मालक मागं कोणाला तरी सांगत होता. ऑफिसात नेऊन त्यांनी दार ओढून घेतलं. दोघांनी हात धरले, भाच्यानं मारलं. बुक्क्यांनी, मग सायकलच्या चेननं. वरचा दात पडला. तोंडात रक्ताची गरम चव आली. मी ओरडलो नाही. भाचा मारता मारता बोलत होता, "मांगाचं पोरगं इद्यापीठात जाते. जा ना, जा." प्रत्येक वेळी 'जा' म्हणायचा आणि चेन हाणायचा.

आणि मार खाता खाता एक गोष्ट मला स्वच्छ दिसली. बापानं आज मला नाकारलं हे खरं. पण त्याच्या आधी मी त्याला नाकारलं होतं. मंगळवारी, वऱ्हांड्यात, तोंड न उघडता. त्यानं भीतीपोटी नाकारलं, माझ्यामागं कागदांची हाव होती. मग मी कोणत्या तोंडानं त्याच्यावर रागावू? राग यायला पाहिजे तो दुसऱ्यावर. तो आला. पायाच्या अंगठ्यापासून आला.

मी धरणाऱ्याच्या हाताला कडकडून चावलो. हात सुटला. जिनिंगच्या जुन्या मशिनीची लोखंडी सळई कोपऱ्यात टेकवलेली असायची, दाराला अडसर म्हणून. ती हातात आली. भाच्यानं चेन उगारली आणि मी त्याच्या मनगटावर सळई घातली. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. वाईट वाटलं नाही. आजही वाटत नाही. तो खाली बसला. बाकीचे दोघं भिंतीला चिकटले. मग मी कपाटावर वळलो. पहिल्या घावात फळी चिरली, दुसऱ्यात कोयंडा उखडला, तिसऱ्यात दार खाली आलं. मी तरी मारत राहिलो. ते सहा पुस्तकांचं कपाट, पाण्याच्या तांब्याचं टेबल, मालकाचा भिंतीवरचा सत्कारातला फोटो. सगळ्याचा चुरा केला.

कपाटात फायली होत्या. माझी टीसी सापडली, सही झालेली, एम.ए.चा प्रवेश तिच्यावर कुठंच लिहिलेला नव्हता, गुणपत्रिका सापडली. आणि खाली गठ्ठेच्या गठ्ठे. तीन वर्षांतल्या पोरापोरींच्या टीश्या. ज्यांना सांगितलं होतं की तुमचे कागद वर गेलेत, हरवलेत, पुढच्या महिन्यात या. त्यात एक पोरगी होती, तिचं नर्सिंगला नाव लागलेलं मला माहीत होतं. कागद मिळाला नाही म्हणून घरी बसली आणि लग्न होऊन गेली. तिची टीसी तिथं होती, सही-शिक्क्यासकट.

मी सगळा गठ्ठा उचलला आणि दार लाथेनं उघडून बाहेर आलो. वऱ्हांड्यात समिती उभी, मालक उभा, मागं गडी. माझ्या एका हातात सळई, दुसऱ्यात कागद, शर्ट रक्तानं भिजलेला. कुणी पुढं आलं नाही. जाडा माणूस आज हसत नव्हता. मी गठ्ठा बाईंच्या पायापाशी टाकला. माझे दोन कागद तेवढे ठेवले. बापाकडं बघितलं. तो आपल्या बुटांकडं बघत होता.

तिथून बदनापूरच्या स्टेशनापर्यंत चालत आलो. पॅसेंजरमध्ये माझ्या शेजारी कुणी बसलं नाही.

शनिवारी विद्यापीठात खिडकीवर तोच क्लार्क होता. सुजलेलं तोंड बघून त्यानं एकदा डोळे बारीक केले आणि मग नेहमीसारखा खेकसला, "गुणपत्रिकेला डाग कसले हे?"

"रक्ताचे."

तो फॉर्म भरायला लागला. "वडिलांचा व्यवसाय?"

"सालगडी."

"शेती लिहितो."

"न्हाई. शेती मालकाची हाय. सालगडी लिहा."

मागं दीड-दोनशे पोरं रांगेत होती. इथं मी हरवून जायला आलो होतो. ओळख पुसायला. म्हणून तर मला हे मोठं विद्यापीठ हवं होतं. पण मी ते मोठ्यानं बोललो, शेवटच्या पोरालाही ऐकू जाईल असं. बापाचं पूर्ण नाव सांगितलं, गाव सांगितलं, मांगवाडा सांगितला. क्लार्कनं लिहिलं.

याला दीड वर्ष झालं. माझ्यावर मारहाणीची केस चालू आहे, तारखेला जातो. त्या कॉलेजला त्या वर्षी एम.ए. मिळालं नाही, पुढच्या वर्षी मिळालं. मालकानं बापाला कामावरून काढलं नाही, ठेवलं. पोराला ओळखत नाही म्हणाला, म्हणून इमानी ठरला. आता मालक पाहुण्यांना त्याची ओळख करून देतो, हा आपला माणूस म्हणून. बाप मला भेटलेला नाही. माय एकदा बदनापूर स्टेशनावर येऊन भेटली. म्हणाली, तो घरात तुझं नाव काढत न्हाई, पर तुझी बी.ए.ची पुस्तकं कुणाला हात लावू देत न्हाई. ते ऐकून मी प्लॅटफॉर्मवर हमसून रडलो. रडून झालं.

परवा गावाकडून निरोप आला. मालक आता बी.एड. काढतोय. सोमवारी तपासणी आहे. न्हावी येऊन गेला, शर्ट वाटून झाले. या वेळी बापाला कोणाचं नाव दिलंय ते कळलं नाही.

सोमवारी मी जाणार आहे. वसतिगृहातली अकरा पोरं सोबत येतायत, सगळी कुणा ना कुणा गड्याची, मजुराची. कोर्टानं गावात जाऊ नको म्हणून बजावलंय, तरी जाणार. त्या वर्गात शिरून एकेका माणसाला त्याच्या खऱ्या नावानं हाक मारणार. आवाज चढवून, समितीसमोर, मालकासमोर. सगळ्यात आधी बापाला. तो पुन्हा हात जोडून म्हणेल, मी वळखत न्हाई ह्याला. म्हणू दे. मी पुन्हा हाक मारीन. तो उठून बाहेर येईस्तोवर मारीन, आणि मध्ये जो येईल त्याचं मनगट मोडीन.